लघवीचे मोजमाप : प्रयोगशाळेतल्या उंदरापासून आपल्या घरापर्यंत



या वेळच्या आरोग्य पानाचा विषय वाचून काहींना हसू येईल, काहींना संकोच वाटेल. पण ज्या गोष्टीचा आपण संकोच करतो तीच गोष्ट बहुतेक वेळा उशिरा लक्षात येते आणि मग महागात पडते. लघवी ही तशीच गोष्ट आहे. ताप आला तर आपण कपाळाला हात लावून पाहतो, खोकला आला तर शेजारीही विचारतात. पण "आज लघवी किती झाली, कोणत्या रंगाची झाली?" हे आपण स्वतःलाही विचारत नाही.

फैजपूर, यावल, रावेर हा आपला केळीचा पट्टा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्याच उन्हात आपल्या वस्तीतली माणसे घड कापतात, डोक्यावर-खांद्यावर वाहतात, ट्रक भरतात, बांधकामावर घमेली उचलतात. घाम एवढा येतो की अंगातले पाणी घामावाटेच जाते आणि लघवीला दिवसभरात एक-दोनदाच जावे लागते. "काम चांगले झाले, लघवीलाही उठावे लागले नाही," असे कोणी म्हणाले तर ती आनंदाची गोष्ट नाही. किडनी आपल्याला काहीतरी सांगत असते. ते कसे ऐकायचे, तो आजचा धडा.

दारातल्या बोकडापासून सुरुवात करू

आपल्यापैकी अनेकांच्या दारात शेळ्या-बोकड असतात. ईदच्या बाजारासाठी कोणी बोकड तयार करतो, त्याला मका, चुणी-भुसा भरपूर घालतो. एखादे दिवशी तो बोकड चरणे सोडतो, शेपटी हलवत राहतो, पाठ वाकवून जोर लावतो, ओरडतो आणि खाली एक-दोन थेंबच पडतात. काही जणांना वाटते त्याचे पोट बिघडले. प्रत्यक्षात त्याच्या मूत्रमार्गात खडा अडकलेला असतो. दाणा जास्त आणि पाणी कमी झाले की लघवीतले क्षार जमून बारीक खडे होतात. नर बोकडाचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो, म्हणून खडा तिथे अडकतो. शेळीचा मार्ग आखूड व रुंद असल्यामुळे तिला हा त्रास फारसा होत नाही. अशा वेळी पोट दाबत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. एक-दोन दिवस गेले तर लघवीची पिशवी फुटून जनावर दगावते.

जनावराला बोलता येत नाही. त्याची लघवी किती होते, थेंब-थेंब होते की धार लागते, एवढ्यावरूनच पशुवैद्य रोग ओळखतो. शास्त्रज्ञांनीही इथूनच विचार सुरू केला : आत शरीरात लघवी नेमकी किती वेगाने तयार होते, हे मोजता येईल का?

किडनी काय काम करते?

आधी किडनी समजून घेऊ. पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आतल्या बाजूला, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. त्यांना मूत्रपिंडे म्हणतात. प्रत्येकीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दिवसभरात या गाळण्यांतून साधारण १८० लिटर पाणी गाळले जाते. म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या! पण त्यातले ९९ टक्के पाणी किडनी परत रक्तात घेते. उरते ते एक ते दोन लिटर. त्यात शरीराला नको असलेला युरिया, क्रिएटिनीन, जास्तीचे मीठ असते. तीच लघवी.

किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत दोन नळ्या येतात. त्यांना मूत्रवाहिन्या म्हणतात. प्रत्येक नळी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि फक्त तीन-चार मिलिमीटर जाड असते. त्यातून लघवी नळाच्या पाण्यासारखी सलग वाहत नाही. गांडूळ जसे आकसून पुढे सरकते तशी ही नळी आकसते आणि मिनिटाला काही वेळा लघवीचा एक-एक घोट खाली ढकलते. म्हणूनच आपण झोपलो असलो, आडवे असलो, तरी लघवी पिशवीत पोहोचते.

आता हिशोब करा. दिवसाला दीड लिटरच्या आसपास लघवी म्हणजे मिनिटाला साधारण एक मिलिलिटर. एका किडनीच्या वाट्याला अर्धा मिलिलिटर. सलाईनच्या नळीतून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होते. म्हणजे एका किडनीतून मिनिटाला फक्त दहा थेंब! उंदराचे तर विचारूच नका. प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर दिवसभरात दहा-पंधरा मिलिलिटर लघवी करतो. त्याच्या दोन्ही किडन्यांचे मिळून पाच मिनिटांत एक थेंब पडतो. हा एवढासा थेंब मोजणे हे मोठेच कठीण काम.

शास्त्रज्ञ थेंब कसा मोजतात?

जुनी पद्धत सोपी आहे. उंदराला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. खाली नरसाळे आणि त्याखाली मापाची नळी. विष्ठा बाजूला पडते, लघवी नळीत जमते. पण या पद्धतीत तीन दोष आहेत. थोडी लघवी नरसाळ्यालाच चिकटून वाळून जाते. दुसरे, उंदीर लघवी करतो तेव्हाच ती दिसते. किडनीने ती कधी तयार केली हे कळत नाही. तिसरे, अनोळखी पिंजऱ्यात एकटा ठेवलेला उंदीर घाबरलेला असतो, नीट खात-पीत नाही. मग जे माप मिळते ते घाबरलेल्या जनावराचे असते, नेहमीच्या जनावराचे नसते. भूल देऊन मोजावे तरी अडचणच. भूल आणि शस्त्रक्रिया यांमुळे मेंदूतून असे संप्रेरक सुटते की किडनी पाणी धरून ठेवते आणि लघवी कमी होते.

म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवले की मोजण्याचे यंत्रच शरीराच्या आत बसवायचे, जखम भरू द्यायची आणि जनावर हिंडत-फिरत असताना मोजायचे. अशा आत बसवलेल्या यंत्राला संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. त्याच्या मुख्य पद्धती अशा :

चुंबकाची पद्धत : सायकलच्या डायनॅमोत चुंबक आणि तार एकमेकांजवळून फिरले की वीज तयार होते. लघवीत मीठ असते, म्हणून तिच्यातून वीज जाऊ शकते. मूत्रवाहिनीभोवती बांगडीसारखे छोटे कडे बसवून त्यात चुंबकाचा प्रभाव निर्माण केला की आतून वाहणाऱ्या खाऱ्या लघवीमुळे अगदी सूक्ष्म वीज तयार होते. प्रवाह जास्त तर वीज जास्त. ही पद्धत मुळात रक्ताचा प्रवाह मोजण्यासाठी निघाली. १९३६ साली, ज्या वर्षी आपल्या फैजपुरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले त्याच वर्षी, अलेक्झांडर कोलिन या शास्त्रज्ञाने ती मांडली.

आवाजाची पद्धत : तापीत पूर आलेला असताना नाव प्रवाहाबरोबर गेली तर लवकर पोहोचते, प्रवाहाविरुद्ध गेली तर उशीर लागतो. तसेच आपल्याला ऐकू न येणारा आवाज नळीतून एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा उलट दिशेने सोडतात. दोन्ही वेळांतला फरक मोजला की प्रवाहाचा वेग कळतो. सोनोग्राफीत जो आवाज वापरतात त्याच जातीचा हा आवाज.

दाबाची पद्धत : लघवीच्या पिशवीत किंवा तिच्या भिंतीवर बारीक सेन्सर बसवतात. पिशवी भरते, ताणली जाते, दाब बदलतो. त्यावरून ती कधी भरली आणि कधी रिकामी झाली हे कळते. कातडीखाली बसवलेले छोटे यंत्र ही माहिती रेडिओच्या लहरींनी बाहेर पाठवते.

हे सांगायला सोपे, करायला अवघड. कडे जरा घट्ट बसले तर नळी आकसू शकत नाही, लघवी मागे तुंबते आणि किडनी फुगते. म्हणजे मोजायला गेले आणि रोगच निर्माण झाला! सैल बसले तर माप चुकते. लघवीतले क्षार यंत्रावर खड्यासारखे साचतात. जंतुसंसर्ग होतो. जनावर उडी मारते तेव्हा यंत्र हलते. म्हणून अजूनही या विषयावर काम चालूच आहे.

मुक्या जनावरांवर हे योग्य आहे का?

हा प्रश्न आपल्या मनात येणारच आणि तो यायलाच हवा. पंचशीलातील पहिलेच शील प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे आहे. जनावराचे पोट उघडून यंत्र बसवणे ही काही हलकी गोष्ट नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध आपल्या देशात १९६० चा कायदा आहे. प्राण्यांवर प्रयोग करायचा असेल तर त्याखालील समितीचे नियम पाळावे लागतात, भूल आणि वेदनाशामक द्यावे लागते. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघांनी तीन नियम सांगितले, ते आज जगभर मानले जातात. जिथे प्राण्याशिवाय काम होईल तिथे प्राणी वापरू नका. वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा. आणि जे वापराल त्यांना कमीत कमी त्रास द्या. आत बसवलेल्या सेन्सरची खरी कसोटी इथेच आहे. पूर्वी दहा वेगवेगळ्या वेळी मोजण्यासाठी वेगवेगळे प्राणी लागत. आता एकाच प्राण्यावर आठवडे-महिने माप घेता येते, म्हणून संख्या कमी होते. तरीही त्रास शून्य होत नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच या प्राण्यांकडून जे ज्ञान मिळाले ते वाया घालवणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. ते आपल्या जगण्यात उतरवले पाहिजे.

गिधाडांनी शिकवलेला धडा

किडनीबद्दलचा एक मोठा धडा मात्र प्रयोगशाळेबाहेर, आपल्याच आभाळात मिळाला. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गावाबाहेर मेलेले जनावर पडले की पूर्वी आभाळ गिधाडांनी भरून जायचे. मग ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर देशातून ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ साली नक्की कळले. गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक हे औषध देत. असे जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याची किडनी काही दिवसांतच बंद पडे. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दोन-चार दिवस घेतल्याने निरोगी माणसाची किडनी सहसा जात नाही. पण ही औषधे किडनीकडे जाणारे रक्त कमी करतात. अंगात पाणी भरपूर असेल तर किडनी ते सोसते. दिवसभर उन्हात घाम गाळून, पाणी न पिता, संध्याकाळी अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घेतली तर किडनीवर दुहेरी मार बसतो. आणि हे आपल्याकडे रोज घडते. मुकादमाकडे पाण्याआधी गोळी मिळते!

मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या मोठ्या संख्येने निकामी झाल्या. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. सर्व कारणांचा शोध अजून चालू आहे, पण कडक उन्हातले जड काम आणि वारंवार अंगातले पाणी आटणे हे मोठे कारण मानले जाते. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली ही त्रिसूत्री लागू करायला सुरुवात झाली. तिथला ऊस आणि इथली केळी यांत फरक आहे. ऊन, घाम आणि मजुरी मात्र सारखीच.

आपण घरी कसे मोजायचे?

उंदराच्या शरीरात यंत्र बसवून शास्त्रज्ञ जे शोधतात, ते आपल्याला एका रिकाम्या बाटलीने कळू शकते. एक लिटरची बाटली घ्या. तिच्यावर शाईने चार समान खुणा करा. प्रत्येक खूण पाव लिटरची. सकाळी उठल्यावर पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची लघवी मोजून लिहीत जा. दुसऱ्या दिवशी सकाळची त्याच वेळची पहिली लघवी मोजली की चोवीस तासांचा हिशोब पूर्ण. कामावर जाणाऱ्यांनी हे सुटीच्या दिवशी करावे. बायकांनी रुंद तोंडाचे भांडे वापरावे.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण एक ते दोन लिटर लघवी व्हायला हवी. पुढील खुणा घरातल्या सर्वांना माहीत असू द्या :

१. दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा कमी लघवी झाली तर पाणी वाढवा. पाणी पिऊनही वाढली नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दवाखान्यात अत्यवस्थ रुग्णाची लघवी परिचारिका तासातासाला मोजतात. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० किलोच्या माणसाला तासाला २५ मिलिलिटर, याच्या खाली सलग सहा तास माप गेले तर किडनी अडचणीत आहे असे डॉक्टर समजतात.

२. दिवसाला तीन लिटरच्या वर लघवी होत असेल, रात्री वारंवार उठावे लागत असेल, सारखी तहान लागत असेल तर रक्तातील साखर तपासा.

३. रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडते आहे. कोऱ्या चहासारखा किंवा लाल असेल तर दवाखान्यात जा. बीट खाल्ल्याने लाल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने गर्द पिवळी लघवी होते, त्याला घाबरू नका.

४. रोज साबणासारखा फेस येत असेल, सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी पायावर सूज येत असेल तर लघवीतून प्रथिने जात असण्याची शक्यता आहे. लघवी तपासून घ्या.

५. लघवी अजिबात होत नाही, ओटीपोट फुगून दुखते आहे, थेंब-थेंब पडतो आहे, तर लघवी तुंबली आहे. बोकडाची गोष्ट आठवा. रात्र असली तरी थांबू नका. म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढल्याने असे होते.

६. तान्हे बाळ जुलाब-उलट्यांनंतर सहा-आठ तास ओले झाले नाही तर लगेच दवाखाना. वाटेत जलसंजीवनी पाजत राहा : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे, सपाट भरलेले.

७. "उन्हाळी लागली" म्हणून जळजळ नुसती सोसू नका. पाणी वाढवूनही दोन दिवसांत थांबली नाही, किंवा सोबत थंडी-ताप, कंबरदुखी असेल तर तो जंतुसंसर्ग असतो. गरोदर बाईने तर एक दिवसही थांबू नये.

एक सावधगिरी. ज्यांना हृदयाचा आजार आहे, ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, ज्यांच्या अंगावर सूज आहे, त्यांनी किती पाणी प्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

बायकांचा प्रश्न

शेतात, बांधावर आडोसा नसतो, म्हणून आपल्या आया-बहिणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी संध्याकाळपर्यंत धरून ठेवतात. यातूनच वारंवार जंतुसंसर्ग आणि मुतखडा होतो. हा बाईच्या सवयीचा दोष नाही, तो व्यवस्थेचा दोष आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले ते माणूस म्हणून पाण्यावरचा हक्क सांगण्यासाठी. आज कामाच्या जागी पिण्याचे पाणी, दुपारची सावली आणि बायकांसाठी आडोसा मागणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे. चार मजुरांनी मिळून मुकादमाला सांगितले तर एक पाण्याचा ड्रम आणि ताडपत्रीचा आडोसा होतो. त्याला फार पैसा लागत नाही.

तपासणी आणि उपचार

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे, जे वर्षानुवर्षे उन्हात काम करतात किंवा दुखण्याच्या गोळ्या घेतात, त्यांनी वर्षातून एकदा तीन गोष्टी तपासाव्यात : रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. पुढील उपचारासाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. किडनी निकामी झाल्यावर लागणारे डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. रेशन कार्ड व आधार कार्ड जवळ ठेवा आणि १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करा. तातडीला १०८ ची रुग्णवाहिका आहे. दागिने मोडून खाजगीत जाण्याआधी एवढे नक्की करा.

किडनीचे दुखणे फार उशिरा दुखते. निम्म्याहून जास्त काम बंद पडेपर्यंत माणूस चालता-फिरता असतो. म्हणून दुखण्याची वाट पाहू नका.

विहारात चर्चेसाठी

येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे हा धडा वाचा आणि पुढील प्रश्नांवर बोला :

- काल दिवसभरात आपण किती वेळा लघवीला गेलो? रंग कसा होता?
- दुखण्याची गोळी आपण महिन्यातून किती वेळा, कोणाला विचारून घेतो?
- आपण जिथे काम करतो तिथे पाणी, सावली आणि आडोसा यांपैकी काय नाही? ते मागायला कोण कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावांसह वहीत लिहा. पुढच्या रविवारी ती वही पुन्हा उघडा.

नमो बुद्धाय, जयभीम.